होडी काढायची नाही

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आमच्या कंपनीचे संचालक आदरणीय जयसिंग सर, व्यासपीठावरील मान्यवर, आज आपण ज्यांना निरोप देतोय त्या आमच्या लेखिका अपेक्षाताई, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या मातोश्री शालनबाई, आणि पिंपळे सौदागरच्या ऑफिसातून ट्रॅफिक चुकवत निगडीपर्यंत आलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो!

मी मिनल. आपल्या ‘सात वेशी’ या गेमचा प्रत्येक भाग आधी खेळून त्यातल्या चुका शोधणाऱ्या टीमची प्रमुख. मला सांगितलंय, आज गोड बोला. प्रयत्न करते.

मघाशी सरांनी विचारलं, सहावा भाग ग्रेट कसा होईल? लढाया मोठ्या करू, नकाशा मोठा करू, राक्षस मोठा करू. सर, चौथ्या भागात हे सगळं होतं. कुठे जायचं ते दाखवणारा पिवळा बाणसुद्धा होता. खपलाही भरपूर. पण त्यातलं एक तरी गाव आठवतंय का कुणाला? हात वर करा. बघा, सरांचाही नाही.

आणि तिसरा? तिसऱ्यात आपल्याकडून चूक झाली होती. नदीवर होडी चालवायचं काम मिळायचं, ते दोन-चार फेऱ्यांत संपायला हवं होतं, पण संपेचना. माणूस युद्ध सोडून दिवसभर लोकांना पलीकडे सोडत बसला तरी गेम त्याला अडवत नव्हता. आमच्या टीमने तक्रार केली. ताई म्हणाल्या, “राहू दे गं. मी त्या उतारूंना बोलायला देते.” आणि माहेरी निघालेल्या सुनेपासून खटला हरून परतणाऱ्या म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येकाचं बोलणं त्यांनी लिहिलं.

चाकणच्या कारखान्यातले रोहिदासभाऊ एकदा शिफ्ट सुटल्यावर थेट ऑफिसात आले. म्हणाले, “म्याडम, राजाला अजून भेटलोच न्हाई आमी. होडीच चालवतोय. दिवसभर सुपरवायझरचं ऐकायचं, आन् घरी येऊन गेमचंबी ऐकायचं व्हय?” सर, तुमच्या प्रश्नाचं मला तरी यापेक्षा वेगळं उत्तर देता येत नाही. खेळणाऱ्याला जिथे नाही म्हणता येतं, आणि नाही म्हटल्यावरही जिथलं जग त्याच्यासाठी चालू राहतं, तोच भाग लोक जपतात.

आता सहाव्यासाठी ताईंनी पुन्हा लिहिलेली होडी काढून टाकायची ठरलंय. कारण काय, तर खेळणारा वेळ फुकट घालवतो! ताईंनी साफ नकार दिला, म्हणून आज हा नारळ. शाल-श्रीफळ म्हणूया हवं तर.

शालनबाई, मघाशी चहाच्या वेळी तुम्ही मला बाजूला घेऊन विचारलंत, “पोरीनं कुणाशी भांडण केलं का गं?” नाही हो. ती अडून बसली. आणि मला तिचा फार अभिमान वाटतो.

आपल्याकडे एक पद्धत आहे. कुठलाही भाग बाजारात जाण्याआधी माझ्या खुर्चीवरच्या माणसाने सगळ्यांसमोर उभं राहून ‘चालेल’ म्हणायचं. ही पद्धत तुम्हीच पाडलीत, सर. आजवर मी दर वेळी म्हटलं, चौथ्याला तर मन मारून म्हटलं. सहाव्यात होडी नसेल, तर मी तो शब्द उच्चारणार नाही. मग माझ्यासाठीही हॉल बुक करा.

आयोजकांचे आणि स्वयंपाकघरात राबणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, वेळ जास्त घेतला असेल, तर पदरात घ्या. होडीबद्दल जे बोलले, त्याची मात्र माफी मागत नाही.