झुंबरबाईच्या चुलीवरच्या करंज्या

तुळजाबाई : पदरात काय बांधून आणलंस गं?

गोजरबाई : साखर हाय, आत्याबाई. कंट्रोलच्या दुकानातली. दिवाळीची म्हणून सरकारनं कार्डावर माणशी पावशेर सोडलीय. आजचा आखरी दिवस होता.

तुळजाबाई : अन् करायची काय ती? माझ्या मच्छिंद्राला जाऊन तीन महिने न्हाई झाले. वर्ष सरल्याबिगर ह्या घरात तळणाची कढई चढत न्हाई. हे सुनेला सांगावं लागतं व्हय?

गोजरबाई : ठावं हाय मला. नवरा माझा गेलाय.

तुळजाबाई : मंग? दुखवट्याच्या घरी शेजारपाजार ताट आणून देतो. तुझा सासरा गेला त्या साली आलेल्या करंज्या ठेवायला डालगं पुरलं न्हाई.

गोजरबाई : ते साल निराळं होतं. लढाई सरली म्हणत्यात, पर कंट्रोल काही सरंना. ज्याच्या त्याच्या घरी तीच पावशेर. आपल्या लेकराच्या तोंडातला घास काढून आपल्याला कोन देईल? मी कुणाला बोल लावत न्हाई. पर वसुबारसंपासून लेकरं उंबऱ्यावर बसून हायेत. सोनी विचारून राह्यली, आपलं ताट कवा येणार?

तुळजाबाई : सांगायचं, बाप गेला.

गोजरबाई : तेच सांगितलं. तर म्हणती, त्या लोकायला ठाऊक न्हाई का, बाप गेला ते?

तुळजाबाई : थकले बाई मी. रीत मोडल्याचं पाप माझ्या डोक्यावर नको.

गोजरबाई : मी बी थकले. पहाटपासून लाईनीत हुबी होते, आजचा रोज बुडाला. फेकून देऊ का साखर?

तुळजाबाई : फेकायची कशाला? झुंबरची चूल पेटलीच असंल. तिथं नेऊन तळ.

गोजरबाई : अन् मंग?

तुळजाबाई : मंग तिनं ताट घेऊन आपल्या दारी यायचं. तू आणायचं न्हाई. लेकरायच्या देखत आलं पाह्यजे.

(साखर पदराआड धरून गोजरबाई मागच्या बोळीनं झुंबरबाईकडे गेली. झुंबरबाई भावकीतली, घराला घर लागून. हकीकत ऐकून बिचारी खजील झाली. आमच्याच घरात खाणारी नऊ तोंडं, न्हाईतर मीच आणलं असतं, असं दोनदा म्हणाली. पीठ अन् तेल मात्र माझंच राहू दे म्हणून हट्टाला पेटली. दोघींनी मिळून करंज्या तळल्या. दिवस कलला तशी गोजरबाई रिकाम्या हातानं घरी परतली आणि लेकरांजवळ बसली. घडीभरानं झुंबरबाई पुढच्या दारी आली.)

झुंबरबाई : काकी, हाव का घरात? फराळाचं आणलंय. लेकरायला द्या.

तुळजाबाई : कशाला गं इतकं केलंस? तुझ्या घरी तरी कुठं उरतंय?

झुंबरबाई : असू द्या. दुःखाच्या घरी ताट आलंच पाह्यजे. उशीर झाला तेवढं माफ करा. सोने, ये, धर.

तुळजाबाई : बघ सोने, ठाऊक होतं त्यायला.

झुंबरबाई : येते मी, काकी. चूल तशीच सोडून आलेय.

गोजरबाई : आत्याबाई, लेकरं आपापली घेऊन अंगणात पळाली. तुम्ही बी एक घ्या.

तुळजाबाई : मला नको. लेक मातीत घालून माझ्या घशाखाली गोड उतरत न्हाई. तुम्ही खा. पर इतक्या कशा झाल्या गं? चार माणसायच्या साखरेत एवढ्या व्हत न्हाईत. झुंबरनं तिची घातली का?

गोजरबाई : न्हाई. मला पाच माणसायची मिळाली.

तुळजाबाई : पाच कशी?

गोजरबाई : कार्डावर ह्यांचं नाव तसंच हाय. मी सांगितलं दुकानातल्या लतीफभाईला, आता चारच राह्यलो म्हणून. तराजू त्याच्या हातात, अन् मयतीला तर आल्ता त्यो. मान खाली घालून म्हणला, दिवाळी होऊ द्या भाभी, मंग कापतो नाव. मी घेतली. चुकलं का माझं?

तुळजाबाई : दे इकडं. माझ्या लेकाच्या वाटणीची मी खाते.