पूर्वेच्या भिंतीवरची चावी

(सर्बियातलं चाचाकजवळचं एक गाव, रविवारची सकाळ. घराला चिकटून बांधलेलं गॅरेज, त्यात ऑस्ट्रियात कामाला असलेल्या वुकाशिनची नवीकोरी गाडी, बॉनेट उघडं. त्यावर वाकलाय तो रादोश, गावातला मेकॅनिक, वुकाशिनचा शाळेपासूनचा दोस्त. दारात वुकाशिनची आई देसांका.)

वुकाशिन : ...पण मी तुला बोलावलंच नव्हतं.

रादोश : तू कशाला बोलावशील? परवा खानावळीत अख्ख्या गावासमोर मला चोर म्हणालास. मावशीनं फोन केला म्हणून आलोय. सरक, उजेड अडतोय.

वुकाशिन : चोर म्हणालो नव्हतो.

रादोश : "जुनी बॅटरी नवी म्हणून माझ्या गळ्यात मारली." याला तुमच्या ऑस्ट्रियात काय म्हणतात?

देसांका : रादोश, कॉफी ठेवते हं. हा कालपासून धड जेवला नाहीये. तोंड बघ कसं झालंय.

रादोश : त्याचं तोंड पहिलीपासून तसंच आहे, मावशी.

वुकाशिन : बॅटरी परत मेली त्याचं काय? दारं उघडेनात, स्क्रीन काळाठिक्कर...

रादोश : रात्रभर डोळा लागला नाही माझा. नवी बॅटरी बसवली की गाडीच्या कॉम्प्युटरला तसं सांगावं लागतं. नाहीतर तो जुनीच समजून तिला चुकीचं चार्ज करत बसतो. वाटलं, मीच विसरलो असेन. तसं असेल तर तुझंच खरं. म्हणून आल्या आल्या आधी तेच बघितलं.

वुकाशिन : मग?

रादोश : नोंद आहे. बॅटरीही धडधाकट आहे. फक्त उपाशी आहे.

वुकाशिन : कसं शक्य आहे? इथं असलो की रोज पाच मिनिटं सुरू करतो मी.

रादोश : पाच मिनिटांत काय होतंय? सुरू करताना जाते तेवढीही भरून येत नाही. त्यात तुझी गरम सीट, गाणी, शेजाऱ्यांना दिवे दाखवणं. आणि महिना महिना तू तिकडे, ही इथं.

वुकाशिन : गाडी इथंच बरी असते.

रादोश : हो, गावाला दिसते ना. मीटरवरचा हा आकडा बघ, बॅटरीतून किती वीज जातेय ते. कुलूप लावलं की थोड्या वेळानं गाडी झोपायला हवी. ही टक्क जागी. चावी कुठाय?

वुकाशिन : घरात. आई ठेवते.

रादोश : घरात कुठं, मावशी?

देसांका : कुठं म्हणजे? देवापाशी! पाद्रीबाबांनी गाडीवर तीर्थ शिंपडलं तेव्हापासून संत निकोलाच्या तसबिरीखाली टांगलीय. वाटसरूंना सांभाळतो तो.

रादोश : आणि तसबीर पूर्वेच्या भिंतीला.

देसांका : मग काय पश्चिमेला लावतात?

रादोश : ही भिंत म्हणजे तीच ना?

देसांका : तीच की. पलीकडे आपला संत, अलीकडे गाडी.

रादोश : मावशी, चावी काढा आणि पार मागे कोंबड्यांच्या खुराड्यापाशी घेऊन जा. जा हो, सांगतो मग... वुकाशिन, आता आकड्यावर नजर ठेव. मी नाही बघत, तूच बघ.

वुकाशिन : ...उतरतोय.

रादोश : चावी जवळ आली म्हणजे मालक आला, असं ही गाडी समजते. बिचारी रात्रंदिवस तुझी वाट बघत जागी राहिलीय.

वुकाशिन : आई! कुणी सांगितलं होतं तुला...

रादोश : ए, तिच्यावर नाही. रस्त्यावरून दिसावं म्हणून गॅरेज या भिंतीला कुणी चिकटवलं?

देसांका : ठेवून आले चावी. मी आता संताला हलवू का रे?

रादोश : संत राहू दे तिथंच. चावी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा, झाकण घट्ट लावा. पत्र्यातून चावीचा सिग्नल बाहेर जात नाही. डबा खुशाल देवाखाली ठेवा. आणि हा परत गेला की गाडीला छोटा चार्जर लावून ठेवायचा. बॅटरी भरलेली राहिली तरच टिकते.

वुकाशिन : रादोश... चुकलं माझं.

रादोश : ऐकलं. कोंबड्यांनीपण ऐकलं.

वुकाशिन : अजून काय करू?

रादोश : काल म्हातारा मिलुतिन गाडी परत घेऊन गेला. ब्रेकचं काम अर्ध्यावर असताना. "दुसरीकडे दाखवतो," म्हणाला. तेही चाललं असतं रे. रात्री बायकोनं विचारलं, खरंच जुनी घातली होतीस का? बायकोनं.

वुकाशिन : मला ठाऊक होतं.

रादोश : काय?

वुकाशिन : तू असलं करणार नाहीस हे. बोलतानाच ठाऊक होतं. पण परवा खानावळीसमोर एवढी मोठी गाडी आणि आम्ही ती ढकलतोय, सगळे फिदीफिदी हसतायत... कुणाचं तरी नाव घ्यायचं होतं. तुझं आलं तोंडात.

रादोश : हे सांगितलं नसतंस तर बरं झालं असतं.

देसांका : कॉफी निवतेय, पोरांनो.

रादोश : तुमच्यासाठी पितो, मावशी.

वुकाशिन : चर्च सुटायची वेळ झालीय. सगळे खानावळीत जमतील. मी जातो.

रादोश : जाऊन काय सांगणार? चावीची गंमत?

वुकाशिन : गंमत सांगितली तर हसतील आणि विसरतील. आत्ता तुला सांगितलं ते सांगतो. मिलुतिनच्या तोंडावर.

रादोश : मी येऊ?

वुकाशिन : नको. तू असलास की तुझ्याकडे बघून बोलेन. एकटाच जातो, आणि सगळं सांगितल्याशिवाय तिथून उठत नाही. शब्द देतो, रादोश.