रिकामी राहिलेली दोन पानं

मंडळी, देव नैवेद्य खातो की नाही, हा वाद आजच्या कीर्तनात नको! सोपं विचारतो. तुमची आई जेवली की नाही, हे तुम्हाला कसं कळतं? काय म्हणालात काकू? ती सांगते म्हणून? वा! अहो, ह्याच प्रश्नापायी मंदार परुळेकरला भर दुपारी स्वतःच्या स्वयंपाकघरात दरदरून घाम फुटला! तेही ह्या इंग्लंडात, जिथे आपण आत्ता हीटर लावून बसलोय!

मंदारचे आईवडील, दत्ताराम आणि इंदुमती, वेंगुर्ल्याहून इथे आले. बाप मासळी गोठवायच्या कारखान्यात, आई हॉटेलच्या चादरी धुवायची. पोरगा जेवायला बसला की दोघं उभी! "तुम्ही?" असं त्यानं विचारलं, की ठरलेलं उत्तर, "आमचा झाला रे, तू जेव." पोरानं ते खरं मानलं. शिकला, मोठा झाला. बापाला एकदा म्हणाला, "बाबा, शाळेत येऊ नका. तुमच्या हातांना वास येतो." बाप हसला, आणि पुन्हा गेला नाही.

मग एका वर्षात दोघंही गेली, आणि पहिली सर्वपित्री आली. बायको कामावर, मुलं शाळेत. मंदारनं एकट्यानं सगळं रांधलं. खीर, वडे, काळ्या वाटाण्यांची आमटी! टेबलावर केळीची दोन पानं मांडली, आईबापाची. समोर स्वतःचं ताट, रिकामं. पितर जेवल्याशिवाय आपण जेवायचं नाही, एवढं त्याला ठाऊक होतं. पानं वाढली आणि तूप आणायला वळला.

परत बघतो तर — दोन्ही पानं कोरी! धुऊन पुसल्यासारखी! आणि त्याचं स्वतःचं ताट? शिगोशीग भरलेलं!

पेटीवाले, सूर धरून ठेवा, सोडू नका. मलाच भीती वाटते!

"मीच चुकून वाढलं असेल," मंदार स्वतःशी म्हणाला. पुन्हा पानं वाढली. फोन वाजला. (हो, तुमच्यासारखाच! बंद करा तो!) नजर क्षणभर हलली — पानं कोरी, ताट भरलेलं! तिसऱ्यांदा वाढलं, आणि ह्या वेळी डोळे फाडून बसला. पापणी लवली, तेवढ्यात झालं! ताटातल्या भाताची मूद कुणीतरी नीट दाबली होती. चार बोटांचे ठसे, वर गरम वाफ. आई तशीच दाबायची! आणि उजव्या खांद्यामागून वास आला. बर्फातल्या मासळीचा!

मंडळी, बापाच्या हातांचा वास! ज्याला हा लाजला, तोच!

"जेवा ना!" मंदार रडकुंडीला आला. "वर्षातून एकदा वाढायचं, तेही नको तुम्हाला? उपाशी जाणार?"

कानाजवळ, अगदी हळू आवाज आला, "आमचा झाला रे. तू जेव."

तेव्हा त्याच्या डोक्यात लखकन उजेड पडला. खोटं! चाळीस वर्षं खोटं! आई पातेलं खरवडून खायची, बाबा डबा न घेताच कामावर जायचे. शास्त्र म्हणतं, आधी पितर. पण ह्या दोघांचं शास्त्र काय होतं? आधी पोरगा! मेल्यावर बदलेल होय? आणि पोरानं कधी तरी "झालं माझं" म्हटलं होतं? ताटात टाकून उठायचा, दार आपटून जायचा! मग ती दोघं बसणार कधी?

मंदारनं शास्त्र बाजूला ठेवलं. जेवायला बसला. रडत जेवला, पण शीत न् शीत संपवलं. मग कोऱ्या पानांवर चौथ्यांदा वाढलं. आणि हात जोडून, इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हणाला, "आये, पोट भरला गे माझा. बाबा, तुमच्या ह्याच हातांनी भरला. आता तुम्ही बसा."

टेबलाखालच्या दोन खुर्च्या आपसूक मागे सरकल्या. ह्या वेळी ताट रिकामंच राहिलं. पानांवरचा भात मात्र कडेकडेनं, हळूहळू, कमी होत गेला.

मंदार उभा होता. पहिल्यांदाच तो उभा, आणि ती बसलेली!

आता तुमच्याकडे वळतो. मागच्या खोलीत कुकरच्या शिट्ट्या होतायत, ऐकताय ना? तुमच्याच आया सकाळपासून राबतायत, बाप खुर्च्या लावून थकलेत. पंगतीला तुम्ही त्यांना बोलवाल, तर म्हणतील, "आमचं झालंय." मंडळी, झालेलं नसतं! अजून जिवंत आहेत तोवर हात धरून बसवा, आणि वाढा. टाळ खाली ठेवा आता. नामघोष वाढताना करू. उठा!