तीन झाल्या, बंद करा!

...आणि वर बाबा मलाच विचारतात, "तू नीट वाजवली होतीस ना?" नीट? अहो, नीट म्हणजे काय? माझ्या स्वतःच्या कानठळ्या बसल्या! समोरच्या गच्चीवरची कबुतरं जी उडाली ती अजून परत आलेली नाहीत! पण नाही, चूक माझीच. शिट्टीची कशी असेल? शिट्टी बाबांनी दिलेली ना!

तुम्हाला सांगते, आमचे बाबा कारखान्यात सुरक्षा विभागात होते, बत्तीस वर्षं. माणूस रिटायर झाला तो विभाग घरी घेऊनच आला. आमच्याकडे वाढदिवसाला काय मिळतं? टॉर्च! ताईच्या लग्नात आहेर काय, तर आग विझवायचा सिलिंडर, त्याला रिबीन बांधून! आणि मी नोकरीसाठी या शहरात ताईकडे राहायला निघाले, तेव्हा लोकांचे वडील कसे डोक्यावरून हात फिरवतात, आमच्या बाबांनी गळ्यात शिट्टी घातली. नारिंगी. दोरीसकट. "ओरडायचं नाही. ओरडून घसा बसतो, दम जातो. तीन वाजवायच्या, थांबायचं, दहा मोजायचे, परत तीन. जगात कुठंही जा, तीन म्हणजे संकट." मी म्हटलं, बाबा, ऑफिसात हसतील हो. "हसू देत. असू दे गळ्यात!"

असू दे गळ्यात! रोज सकाळी आठला फोन. "शिट्टी?" "आहे." "कुठाय?" "पर्समध्ये." "आणि पर्स चोरानं नेली तर? चोर वाजवणार का? गळ्यात!"

ऑफिसात मला रेफरी म्हणतात. मीटिंगमध्ये दोघं भांडायला लागले की सगळे माझ्याकडे बघतात. बघू देत. मी आहेच घाबरट, मला मान्य आहे! मी लिफ्टमध्ये शिरते ना, तर आधी सगळ्यांची वजनं मनात मोजते... एकदा भर संध्याकाळी गल्लीत मागून पावलं आली, धप धप धप, मी जोरात चालले तर तीही जोरात, मी सरळ डोळे मिटून तीन वाजवल्या! काय झालं? पुढे उभी असलेली गाडी मागे यायला लागली! वॉचमन कुठूनतरी ओरडतोय, "येऊ द्या, येऊ द्या, डावीकडे घ्या!" आणि मागचा माणूस हातात माझ्या डब्याचं झाकण घेऊन उभा, पडलं होतं म्हणे.

पण ते जाऊ द्या. परवाचं ऐका.

परवा मी घरून काम करत होते. ताई दवाखान्यात, तिची सकाळची ड्यूटी. भावोजी बाहेरगावी. घरात मी आणि ताईची मुलगी, दहा महिन्यांची. तिला आम्ही मुंगी म्हणतो. जाताना ताई म्हणाली, "हे बघ, फक्त चार तास. जमेल ना?" मी म्हटलं, ताई, वेड्यासारखं काय विचारतेस? मी काय लहान आहे? मुंगीला आतल्या खोलीत झोपवलं, कुकरमध्ये बटाटे टाकले, कुकर गॅसवर चढवला, एवढ्यात मुंगी कुरकुरली, तिला थोपटून आले आणि म्हटलं लगे हात तिची दुपटी वाळत घालू. बाल्कनीत गेले. वारा आला. दार धाडकन बंद. आणि आतली कडी... खट्! आपली आपण पडली!

मी बाहेर. मोबाईल आत, चार्जिंगला. मुंगी आत. कुकर आत. आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात आलं... कुकरमध्ये पाणी घातलं होतं का?

हसू नका! तुम्ही आठवून बघा, काल घातलंत का ते! मला नळ आठवतोय, पातेलं आठवतंय, पाणी आठवत नाही! स्वयंपाकघराच्या खिडकीला दुधी काच. नाक चिकटवून बघितलं, आत नुसता एक गोल काळा डाग. तो कुकर असेल नाहीतर माझं नशीब.

बरं, ओरडू म्हटलं, तर वरच्या मजल्यावर फरशा फोडायचं काम चाललेलं. डर्रर्रर्र! माझा आवाज मलाच ऐकू येईना. आणि तेवढ्यात त्या डर्रर्रमधूनही कुठूनतरी फुस्स... शिट्टी! कुकरची! पहिली! म्हटलं, झालं, तापला. हात गळ्याशी गेला. होती! बाबा, तुम्ही देव आहात! असू दे गळ्यात! वाजवल्या तीन, खणखणीत.

खालच्या बाल्कनीतून काकू लगबगीनं ओरडल्या, "आले, आले गं बाई, आले!"

अहो, मला रडूच फुटलं! आल्या, काकू आल्या! दहा मोजले. वीस मोजले. काकू येईनात. कशा येतील? त्या स्वतःच्या स्वयंपाकघरात गेल्या होत्या, गॅस बंद करायला! समोरच्या बाल्कनीतले पेपरवाले काका, म्हणजे पेपर विकत नाहीत, दिवसभर वाचतात, त्यांनी पेपर खाली केला, माझ्याकडे बघितलं आणि तीन बोटं वर केली. मी पण जीव तोडून तीन बोटं वर केली. संकट! तीन! त्यांनी समाधानानं मान हलवली, आत तोंड करून ओरडले, "तीन झाल्या, बंद करा!" आणि पेपर वर!

मला नंतर कळलं, पहिल्या मजल्यापासून सातव्यापर्यंत, ज्याच्या त्याच्या घरात कुणीतरी म्हणालं, तीन झाल्या. सगळ्या बिल्डिंगचे गॅस बंद. फक्त आमच्या गॅसपाशी कुणी नाही!

परत तीन. परत दहा मोजले. परत तीन. आता खालच्या काकू धावत बाहेर, हातात पकड. "अहो, मी बंद केलाय तरी वाजतोय! फुटतोय की काय मेला!" आणि तेवढ्यात वरचं मशीन थांबलं. एकदम शांत. का थांबलं? तर वरून फरशीवाल्यानं डोकं काढलं. "सुट्टी झाली का? शिट्टी वाजली ना जेवणाची?"

त्या शांततेत, तुम्हाला सांगते, मला काहीच ऐकू आलं नाही. कुकर गप्प. मुंगी गप्प. पाणी संपलं की कुकर गप्प होतो, हे मला माहीत आहे. बाळ गप्प झालं म्हणजे काय, हे मला माहीत नाही. ताईचं ते "जमेल ना?" कानात वाजायला लागलं. मी किंचाळले, "तो कुकर नाही, मी आहे! मी अडकलेय! बाळ आत आहे! आणि कुकरमध्ये पाणी नाही बहुतेक!"

"अगं, मग ओरडायचं ना!" काकू म्हणाल्या. "शिट्ट्या काय मारतेस? थांब, तुमची किल्ली आहे माझ्याकडे!"

किल्ली आहे हो, पण मुख्य दाराला आतून कडी! कुणी लावली? मी! का? बाबा म्हणतात, घरात एकटी असलीस की कडी!

शेवटी फरशीवाल्यानं वरून शिडी सोडली, तोंडात हातोडी धरून उतरला, म्हणाला, "ताई, बाजूला व्हा, डोळे मिटा." एका फटक्यात दाराची काच. हात घालून कडी काढली. मी आधी कुठं धावले असेन? आतल्या खोलीत. मुंगी पालथी, तोंड उघडं, लाळ गळतेय, गाढ. एवढा ड्रिल, एवढ्या शिट्ट्या, काच फुटली... ढिम्म! मी तिच्या नाकाशी बोट धरून बसले.

तोवर फरशीवाल्यानं पुढचं दार उघडलं आणि बिल्डिंग आत आली. काकू सरळ स्वयंपाकघरात. तिथून आवाज. "अगं ए, पाण्याचं काय घेऊन बसलीस? तू गॅसच पेटवलेला नाहीस! ती पहिली शिट्टी माझी होती!" आणि लायटर? माझ्याच कमरेला खोचलेला! मग सगळेच सुरू. "आमचे हरभरे दगड राहिले." "आमचा भात कच्चा." "यांना जेवून औषध घ्यायचं असतं." पेपरवाले काका मला समजावतात, "पण मोजून तीनच होत्या बरं का." तेवढ्यात बाबांचा फोन. मी सगळं सांगितलं. तर म्हणतात, "मुंगी बरी आहे ना? हं. बघ, म्हणून सांगतो, असू दे गळ्यात!"

या गोंगाटात मुंगीनं डोळे उघडले. उशाशी बारा अनोळखी चेहरे. तिनं एक श्वास घेतला आणि असं भोकाड पसरलं... एकच! तीन नाहीत, दहा मोजणं नाही. आणि तुम्हाला सांगते, अख्ख्या बिल्डिंगमध्ये एकाही माणसाला शंका आली नाही हे काय आहे म्हणून! सगळे एका सुरात माझ्यावर खेकसले, "अगं बघतेस काय, घाबरलीय ती, घे तिला!"

घेतली. काय करणार? छातीशी धरलं, थोपटलं आणि हळूच तिच्या कानात म्हटलं, "बये, हेच पाव तासापूर्वी केलं असतंस, तर बिल्डिंग आज जेवली असती!"