स्मरणार्थ सॉफ्टवेअर

साक्री वाचनालयाच्या नव्या सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका रद्दीत गेली, लिहिणाऱ्या लीलाधरची नोकरीही गेली. पण लीलाधरने सचिवांचं ऐकलं आणि तसं काही झालंच नाही असं धरू. साल १९९९. धुळ्याच्या बसस्थानकावर, रांगेत लीलाधर आणि वाचनालयाचे सचिव लोटननाना उभे होते.

“लीलाधर, पुस्तिकेतलं ‘मुक्तस्रोत’ खोड. दिलं कोणी ते लिही.”

“नाना, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलंय, सगळ्यांना फुकट दिलंय. म्हणून तर तो शब्द.”

“आपल्याकडे पंखाबी कोणाच्या तरी स्मरणार्थ शे. हे ‘स्मरणार्थ सॉफ्टवेअर’. नाव टाक, नाहीतर पुस्तिकाबी नको, तूबी नको.”

“कोणाचं टाकू? सगळे जिवंत आहेत!”

“बठ्ठे? एकबी गेला नाही?”

“नाही, नाना.”

“मग अर्ज कर त्यांना.”

लीलाधरने पिशवीवर कागद ठेवून लिहिलं, ‘तरी आपणांपैकी कोणाही एकाने सवडीने दिवंगत होऊन वाचनालयास उपकृत करावे, ही नम्र विनंती.’