बाद केलेली सात पोती

ताई: ही चार पोती तू बाद केलीस?

धाकटा: हो. चिठ्ठी लावलीय ना.

ताई: लिंबाच्या वासाचा पाला. मागच्या आठवड्यातली तीन धरून सात पोती झाली. उशांत भरायला मूठभरही उरला नाही माझ्याकडे.

धाकटा: वासच नव्हता त्याला.

ताई: बाळ्या, पोती मागच्या दारात पडलीयत. समोरची शिंपीणबाई मशीन थांबवून विचारून गेली, आज काय उघडलंत म्हणून. अख्ख्या गल्लीला वास येतोय आणि तुला नाही? मूग गिळून बसू नकोस.

धाकटा: बाईसाहेब त्याच्याजवळ फिरकल्या नाहीत.

ताई: मांजर?

धाकटा: नाक मुरडून भिंतीवर जाऊन बसली. सातही वेळा.

ताई: पाला निवडायचं काम तुझं. मांजरीचा काय संबंध?

धाकटा: थंडीत मला तो ताप आला होता ना. जाताना वास घेऊन गेला.

ताई: पाच महिने झाले त्याला.

धाकटा: पाच महिने तीच निवडतेय. गाल घासला तर पाला बरा. आडवी पडली तर चांगला. लोळता लोळता लाळ गळायला लागली की उत्तम.

ताई: म्हणजे लोकांना शांत झोप लागावी म्हणून आपण उशा करतो, आणि आत काय भरायचं ते मांजर ठरवते.

धाकटा: एक तरी तक्रार आली का?

ताई: एकच. घरातलं मांजर उशी सोडत नाही म्हणे. अरे, मांजरांना लिंबाचा वास सोसत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

धाकटा: मलाही होतं. विसरलो. तू तिला लोळताना कधी नीट बघितलंयस?

ताई: मला शिवणातून मान वर करायला सवड कुठे असते.

धाकटा: डोळे उघडे असतात, पण आपल्याकडे बघत नाही. कुठेतरी जाऊन येते. दुपारी तू आत असलीस की मी तिच्या शेजारी फरशीवर आडवा होतो, पोत्याला गाल लावून. वाटतं, आज नेईल मलाही. वास नाहीच येत. पण ती घुरघुरते, ते पोत्यातून कानात येतं, आणि बरं वाटतं.

ताई: एवढं होईपर्यंत मला का नाही सांगितलंस?

धाकटा: बाबा काय म्हणायचे? नाक याचं, हात तिचे. नाकच गेलं तर मी इथे कोण? तू दुसरं कुणी आणशील, याची भीती वाटली.

ताई: मला राग आलाय तुझा. भीतीचा नाही, एकट्याने सोसलंस त्याचा. डॉक्टर काय म्हणतात?

धाकटा: येईल म्हणतात. कदाचित नाहीही येणार. स्वप्नात मात्र येतो, ताई. पुदिना येतो, बाबांच्या कोटाचा येतो. लिंबाच्या पाल्याचा तेवढा येत नाही. तो कसा होता तेच आठवत नाही.

(ताई मागच्या दारातल्या पोत्यातून मूठभर पाला आणून त्याच्या तळहातावर चुरडते. मांजर उठून लांब जाते.)

धाकटा: काही नाही. नुसता गार लागतो.

ताई: थांब, मी सांगते. आंबट नाही तो. म्हणजे आंबट आहे, पण जिभेवरचा नाही. मला नाही रे बोलता येत असलं.

धाकटा: सांग ना.

ताई: आपण शाळेतून यायचो. आई इथेच पाला निवडत बसलेली असायची. तशीच उठायची, हात ओला करायची आणि आपलं तोंड पुसायची.

धाकटा: आधी तुझं.

ताई: आधी तुझं. तू रडत यायचास. तो हात नाकावरून जायचा ना, तसा आहे हा.

धाकटा: अंगठ्याला चीर होती तिच्या. खरखरीत लागायचा.

ताई: हो, तोच हात.

धाकटा: सातही पोत्यांना असाच येतोय?

ताई: सातही पोत्यांना.

धाकटा: मग चिठ्ठ्या बदल, ताई. उत्तम लिही.