पाचवा अंक

हरिसिंग : थांब. पुन्हा वाच. राजा कवा निघते म्हन्लं?

उत्तमसिंग : पाचव्या अंकात, बा. "अखेर पाचव्या अंकात राजा मुलीच्या शोधार्थ वनात जातो, परंतु तोवर तिने प्राण सोडलेला असतो." आता मधी तोडू नका. परवा यवतमाळले पेपर हाय.

(आर्णीच्या अल्याडचा बंजारा तांडा, चैतातली दुपार. इंटरच्या परीक्षेला बसणारा तांड्यातला हा पहिलाच गडी; शोकनाटकावरचा निबंध पाठ करतोय, तोही चार घरांना ऐकू जाईल असा. बाप तांड्याचा नाईक, अंबाडीचा दोर वळत बसलाय. आई घागऱ्याला काचा लावतेय. ऐकत नसल्याचं दाखवत दोघंही कान देऊन ऐकताहेत.)

हरिसिंग : तोडत नाही. समजून घेऊन राह्यलो. पोरीनं केलं काय होतं?

उत्तमसिंग : किल्ल्याचा दरवाजा उघडला. दुश्मनाचा एक जखमी शिपाई बाहेर कन्हत पडला होता. अन् राजानं भर दरबारात जबान देल्ली होती, दरवाजा जो उघडन त्याले राज्याबाहेर काढीन. मंग पोटची पोर निघाली तरी काढा लागलं.

हरिसिंग : लागतेच. जबान म्हंजे जबान.

रुपीबाई : हो तं. जबानीले कुठं लेकरं अस्तात!

हरिसिंग : तुले कोनं विचारलं?

रुपीबाई : मी नाटकातल्या राजाचं बोलून राह्यली.

उत्तमसिंग : ऐका न. "राजाच्या शोकांतास जबाबदार कोण? माझ्या मते नियती. नियतीपुढे राजा अगतिक होता."

हरिसिंग : अगतिक म्हंजे?

उत्तमसिंग : त्याच्या हाती काही नव्हतं.

हरिसिंग : हे कोनं सांगतलं?

उत्तमसिंग : सरांनी. असंच लिहिलं का मार्क भेटतात.

हरिसिंग : खोटं हाय. राजाले पाय होते ना? घोडा होता ना? मंग पाचव्या अंकापर्यंत करत काय होता?

उत्तमसिंग : निघतच होता, बा. एकदा प्रधान म्हन्ते, लोक काय म्हनतीन. एकदा राजाच म्हन्ते, पोरीनं आधी येऊन पाय धरावं. एकदा तं घोड्यावर खोगीर चढते अन् उतरते.

रुपीबाई : मांगच्या दिवाळीले तुमीही बैल जुंपले होते.

हरिसिंग : बाजारासाठी जुंपले होते.

रुपीबाई : त्या दिवशी बाजार नव्हता. आपल्या पोरीसाठी, जमनीसाठी म्या शिवलेली कांचळी तुमीच गाडीत ठेवली. अन् मंग बैल सोडले.

हरिसिंग : नाव नको घेऊ. तिच्या सगाईची जबान म्या देल्ली होती. थे मोडून आर्णीच्या कंपाउंडरसंगं गेली. नसाब बसली, पंच बसले, अन् म्याच तिचं हुक्कापानी बंद केलं. दुसऱ्याची पोर असती तं केलंच असतं ना? मंग आपली म्हून कशी सोडू?

उत्तमसिंग : बा, मी काही आपल्या घरचं नाही लिहून राह्यलो.

हरिसिंग : त्या दरबारात राजाचा पोरगा होता का नाही?

उत्तमसिंग : होता.

हरिसिंग : काय बोलला?

उत्तमसिंग : काहीच नाही. नाटकात त्याले बोलनंच नाही.

रुपीबाई : नसाबीतही नव्हतं.

उत्तमसिंग : याडी, बस कर. माह्या जिवाले काय होते थे मलेच माहीत. यवतमाळले जातो तवा मोटार आर्णीले थांबते. दवाखान्यासमोर तिचं घर हाय. दारात उभी अस्ते, कडेवर पोर, हाती पान्याचा तांब्या. मी खिडकीपाशी पुस्तकात मुंडी घालून बसतो. तिच्या हातचं पानी पेलो का मीही तांड्याबाहेर.

रुपीबाई : तू पेला तं तू बाहेर. अन् नायकानं पेलं तं तिची बंदी सुटली. हे तांड्यातलं शेंबडं पोरही जान्ते. नायकालेच तेवढं ठाऊक नाही.

हरिसिंग : पोर कोनावानी दिसते?

उत्तमसिंग : नाक तुमचंच घेतलं त्यानं.

हरिसिंग : हं. अन् थो राजा पोचला तवा, पोर काही बोलली का त्याले?

उत्तमसिंग : नाही, बा. थो पोचते तवा ती गेलेली अस्ते. तिथंच पडदा पडते.

रुपीबाई : उत्तम, आपला कितवा अंक चालू हाय रे?

उत्तमसिंग : मले काय विचारतं, याडी? मले तं आता लिहावं काय थेच समजून नाही राह्यलं. बा, नियती खोडू का?

हरिसिंग : खोड. लिही, राजानं उशीर केला.

उत्तमसिंग : मार्क कटतीन.

हरिसिंग : कटू दे. उद्याची मोटार कवा हाय?

उत्तमसिंग : बाराची. काहून?

हरिसिंग : मी येतो संगं.

रुपीबाई : थांबा, पान्याची छागल भरून ठेवतो.

हरिसिंग : नको भरू.

रुपीबाई : एवढ्या उन्हाचं? वाटेत तहान नाही लागनार?

हरिसिंग : लागन. आर्णी येईपर्यंत लागनच.